अंजनगावचं पाणी

अंजनगावला आम्ही मुक्कामाला कधी गेलो नाही. सकाळच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापुराहून निघायचं, दुपारी तिथं जरा टेकायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं. त्या दिवसांत वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले आणि ही गाडी विलायतेतल्या कुठल्याशा कंपनीची होती. गाडीचा जीव एवढासा, पण मिजास मोठ्या गाडीपेक्षा जास्त. मनात आलं की थांबे, मनात आलं की निघे. बाबांना तिच्याबद्दल भारी माया. मी चिडले की म्हणत, "पोचवते ना? मंग झालं तर."

माझी थोरली बहीण, जिला मी बाई म्हणत असे, अंजनगावच्या पानमळेवाल्यांकडे दिली होती. आमचंही घराणं मूळचं पानमळ्याचंच. पण आमच्या विहिरीनं दगा दिला तसे आजोबा भाजीवर आले आणि मूर्तिजापुरात आमची ओळख वांगी-मेथीवाले अशी झाली. म्हणून पानमळ्याच्या घरात पोरगी पडली याचा बाबांना कोण अभिमान! बाईच्या लग्नानंतर ते दर महिना-दोन महिन्यांनी तिला बघायला निघत. मी शेंडेफळ, शाळेला दांडी मारायला एका पायावर तयार, त्यामुळे सोबत मीच.

ऊन, पाऊस, थंडी, बाबांनी काही म्हणजे काही पाहिलं नाही. उन्हाळ्यात डब्याची फळी तव्यासारखी तापे. पावसाळ्यात स्टेशनापासून बाईच्या घरापर्यंत काळी माती पायांना अशी चिकटे की मी चप्पल हातात घेऊन, रडकुंडीला येऊन चालत असे. बाबा पुढे. खांद्यावर भाजीची पिशवी, हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. त्या तांब्यात आमच्या घरचं पाणी असे, आणि पिशवीच्या तळाशी फडक्यात बांधलेली आमच्या घरची भाकर.

याचं कारण सांगायला हवं, कारण आता कुणी असलं काही पाळत नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. कन्यादान केलं ते केलं, त्या घरचं परत काही तोंडात घालायचं नाही. घातलं तर लेकीच्या ओटीला बाधतं, असं बाबा मानत. जिथं पाणी प्यायचं नाही तिथं रात्र काढायची कशी? म्हणून आमच्या सगळ्या फेऱ्या एका दिवसाच्या. मला ही रीत लागू नव्हती. मी बाईच्या घरी चिक्कार खात असे.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. बाईच्या सासूबाई बोलायला फटकळ, पण हाताच्या सढळ. मला जेवायला वाढत आणि बाबांना म्हणत, "इवाई, तुमी आपले बसा तांब्या कवटाळून." व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. बाबाही हसत. ओट्यावर बसून ते आपली भाकर सोडत, आपल्या तांब्यातलं पाणी पीत आणि दुपारभर बाईशी बोलत बसत.

मग आम्ही मळ्यात जात असू. मळ्याच्या तोंडाशी चपला काढायच्या, आत देवळासारखं अनवाणी जायचं. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत गार, ओलसर अंधार. शेवरीच्या झाडांवर वेल चढलेले आणि खाली पाटाचं पाणी झुळझुळतंय. बाई वेलांमधून इतक्या सराईतपणे चाले की ही आपल्याच घरची पोरगी ना, असं मला वाटे. बाबा एकेक पान उलटून बघत आणि खूश होत. तिथंही तहान लागली की फिरकी उघडून आपलंच पाणी पीत.

तिसऱ्या वर्षापासून त्या तांब्याचं काहीतरी वेगळंच होऊ लागलं. बाबांच्या हातात तांब्या दिसला की गल्लीतल्या बायका समजून जात. बाईला अजून काही नाही, हे त्या तांब्यावरून साऱ्या अंजनगावाला कळे. एक म्हातारी तर ओट्याशी थांबून सरळ विचारी, "आजूक तांब्याच का?" बाबा मान खाली घालत. सासूबाईंची थट्टा थांबली. मला वाढताना त्या बोलेनाशा झाल्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. बाईचे मालक भले माणूस होते, पण आम्ही आलो की ते मळ्यातून दुपारचे घरी येईनात.

बाबांना यातलं किती कळत होतं, देव जाणे. लेकीला बघायची ओढ एवढी की बाकी काही दिसतच नसावं.

चौथ्या उन्हाळ्यात गाडी वाटेत रानातच रुसून बसली. डब्यात एक लेकुरवाळी होती, तिची पोरं पाण्यासाठी रडत होती. बाबांनी तांब्या त्यांच्यापुढे केला. अंजनगाव आलं तेव्हा तांब्या कोरडा होता आणि उशिरा आलेल्या गाडीसाठी स्टेशनावरचा पाणीवालाही थांबला नव्हता. चालत चालत आम्ही मळ्याशी पोचलो तेव्हा बाबांच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि शब्द नीट फुटत नव्हता. बाई मळ्यातच होती. तिनं दिलेलं पाणी मी आधी घटाघटा प्याले. बाईनं दुसरा लोटा भरला आणि बाबांपुढे धरला.

"बाबा, प्या."

"नोको व माय."

"मळ्यातली हीर हाये. घरचं नाही पानी."

"मळा कोनाचा हाये मंग? त्याहिचाच ना?"

"इथं कोनी पाहून नाही राहिलं. प्या ना बाबा. मी तुमच्या पाया पडते."

"पोरी, तुह्यासाठीच नाही पेत," बाबा म्हणाले. "आज पेलो अन् उद्या तुले काही झालंच नाही, तं मी कोनाले तोंड दाखवू?"

बाई लोटा धरून तशीच उभी राहिली. लोट्यातलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं. मग तिनं तो लोटा वेलाच्या बुडाशी रिता केला आणि असं काही बोलली, जे आमच्या घरात लेक बापाला कधी बोलली नव्हती.

"मंग येऊ नोका. तुमी तांब्या घेऊन येता अन् थो पाहून लोकं मले वांझोटी म्हनतात. पानी पेनार असान तं या. नाही तं येऊच नोका."

बाबांनी रिकामा तांब्या उचलला. चपला घातल्या आणि आम्ही भर उन्हात स्टेशनावर आलो. तिथं पाणीवाल्यानं ओंजळीत पाणी ओतलं तेव्हा ते पहिल्यांदा प्याले. गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. मला दोघांचाही राग आला होता. बाईचा थोडा, बाबांचा जास्त. एक घोट पाणी पिऊन टाकायला काय धाड भरली होती? आजही मला तसंच वाटतं. पण त्या माणसाचा जीव तिच्यात होता आणि आपल्या एका घोटानं तिचं वाटोळं होईल, अशी त्याची खात्री होती. त्याला मी कुठल्या तोंडानं वाईट म्हणू?

त्यानंतर बाबांनी अंजनगावला जाणं सोडलं. सकाळी छोट्या गाडीची शिट्टी झाली की वाफ्यातलं खुरपं थांबे, गाडी गेली की परत चालू होई. ओळखीचं कुणी तिकडे निघालं तर ते मेथीच्या जुड्या देत आणि बजावत, "पाहून येजो कशी हाये, पन मी पाठवलं म्हनू नोको." मेथी कुणाच्या वाफ्यातली हे बाईला न कळायला ती काय दूधखुळी होती?

असं वर्षावर गेलं. मग एका थंडीत सांगावा आला, बाईला दिवस गेलेत. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा मात्र आपल्या भाजीच्या मळ्यात गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल. "धूळ गेली," म्हणाले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्या महिन्यात ते स्वतः जाऊन बाईला घेऊन आले.

ते दोन महिने आमच्या घरातले सगळ्यांत सुखाचे. बापलेकीनं त्या दुपारचं नावसुद्धा काढलं नाही. पण बाईचं एकच चाललेलं असे, बाळाला घेऊन परत गेल्यावर बाबांना काय काय जेवू घालायचं. "रोडगे करीन अन् वांग्याची भाजी. पंगतीत पयलं ताट तुमचं. अन् आल्या पावली वापस नाही जायचं हं बाबा, दोन दिवस राहायचं."

"चार दिवस राहीन," बाबा म्हणत. "तुही सासू कटाळीन माह्यापायी."

मी बाजूला बसून ऐकत असे आणि मला हेवा वाटे. इतक्या प्रेमानं माझ्या जेवणाबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

बाईला मुलगा झाला. सुईण पोराला पुसत होती तेव्हा बाई शुद्धीवर होती. बाबा दाराबाहेर उभे होते, तिनं आतूनच त्यांना हाक मारली, "बाबा, पोरगा हाये." मग रक्त थांबेना. सुईणीनं माहीत होते तेवढे उपाय केले, बाबा डॉक्टरला आणायला धावत गेले. डॉक्टर आले, पण तोवर बाई गेली होती. एवढंच सांगता येतं मला. याहून जास्त मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पोराला आईनं शेळीच्या दुधावर जगवलं. बाबा त्याला छातीशी धरून वाफ्यांच्या कडेनं फिरत आणि मेथी दाखवत, वांगी दाखवत. पोर बाळसं धरू लागलं, बाबांच्या मिशा ओढू लागलं. पण ते दुसऱ्याच्या घराचं होतं. तिकडून निरोप आला, आमचं पोर आता आणून द्या. आई दिवसभर रडली. बाबा म्हणाले, "बरोबर हाये त्याहिचं."

परत छोटी गाडी. आभाळ गच्च भरलेलं, मधूनच झड येत होती. पोर वाटभर माझ्या मांडीवर झोपलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

सासूबाई ओट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी पोराला उराशी घेतलं आणि हंबरडा फोडला. म्हातारी खोटं रडणारी नव्हती. मग डोळे पुसून त्या आत गेल्या आणि पाण्यानं भरलेला लोटा घेऊन आल्या.

"घ्या, इवाई," त्या म्हणाल्या. "आता चालते तुमाले."

बाबांनी लोट्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे लोटा भिरकावतील. मी असते तर भिरकावला असता. पण त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि खाली न ठेवता संपवला.

"आनखी द्या," ते म्हणाले.

सासूबाईंनी आणखी आणून दिलं. तेही ते प्याले. गळ्यावरून ओघळून सदरा भिजला. "आनखी," परत म्हणाले. त्यांना तहान लागली नव्हती, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. ते पीत राहिले, मागत राहिले. घशाखाली उतरेना, ठसका लागला, तरी लोटा पुढे धरून होते. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या हातातून तो ओढून घेतला आणि म्हणाल्या, "बस करा, इवाई. बस करा आता. पोरीनं लय वाट पाह्यली तुमची."

त्यांनी जेवून जा म्हटलं, राहायचाही आग्रह केला. बाबांनी मानेनंच नको म्हटलं. पोर आजीच्या खांद्यावर जागं होऊन माझ्याकडे हात करत होतं, आणि आम्ही ओट्यावरून उतरून पावसात स्टेशनाकडे चालू लागलो.