पेव्हरिल फुंकला नाही

आमच्या विल्फचं नाक मोडताना सगळ्या इंग्लंडनं पाहिलंय, आणि पाहून पोट धरधरून हसलंय. मी नाही हसले. मी ते मोडणाऱ्या माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून रोज मनातल्या मनात बोटं मोडत आले, आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

'बेल लेन चौकी' ही पोलिसांची मालिका आमच्याच गावात, हॅगथॉर्पमध्ये, चित्रित व्हायची. शनिवारी संध्याकाळी चहा आटोपला की अख्खा देश टीव्हीसमोर बसायचा. सार्जंट थॅकर गाडी अडवायचा, दारू तपासायची पिशवी काढायचा, तिची नळी समोरच्याच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचा, "फुंक, बाळा." समोरच्यानं मान फिरवली की ठरलेलं वाक्य यायचं, "फुंकायचं नाही? मग प्यायलायस! चल, बस गाडीत!" शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांपुढे फुगे धरून हेच ओरडायची.

विल्फ, माझा नवरा, दगडाच्या खाणीत कामाला होता. मालिकावाल्यांना गावातले चेहरे हवे होते, आणि विल्फचे डोळे जरा जवळजवळ, गाल बसलेले. "चोर म्हणून शोभेल," असं म्हणाले मेले! झालं, दर दोन आठवड्यांनी आमचा विल्फ पकडला जायला लागला. कोंबड्या चोर, तांब्याच्या तारा चोर, चर्चच्या छपराचं शिसं चोर. त्याला मजा वाटायची. शेजारीण मला विचारायची, "काय गं थेल्मा, आज घरी आहे का आत आहे?"

खरा विल्फ कसा होता म्हणाल, तर दारूचा थेंब न शिवणारा. आमचं घराणं मेथडिस्ट, दारू वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. लहानपणी चॅपलमध्ये, म्हणजे आमच्या पंथाच्या छोट्या चर्चमध्ये, उभं राहून त्यानं दारू न पिण्याची शपथ घेतली होती, आणि ती पाळली. लग्नातसुद्धा आम्ही पाहुण्यांना चहा पाजला. चॅपलच्या गायकमंडळात त्याचा आवाज खर्जातला. तो लागला की बाकांच्या फळ्या थरथरायच्या. माझं त्याच्यावर मन बसलं ते त्या आवाजावर, चेहऱ्यावर नव्हे.

आणि मग तो भाग आला. सार्जंट थॅकर झालेला नट रोलंड पेव्हरिल, त्यानं ठोसा विल्फच्या तोंडाजवळ आणून थांबवायचा, असं ठरलं होतं. पेव्हरिल दुपारी पबमधून आला तो पार झोकांड्या खात. मी तिथेच होते, सँडविचचा डबा घेऊन. ठोसा थांबला नाही. विल्फ रक्तबंबाळ होऊन चिखलात पडला, आणि दिग्दर्शक ओरडला, "वा! झकास!" तोच तुकडा त्यांनी दाखवला. आज जुन्या आठवणींचा कुठलाही कार्यक्रम लावा, आमचा विल्फ पडतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

नाकाचं एक वेळ सोडून दिलं असतं मी. पण पुढे टीव्हीवर कुणी तरी पेव्हरिलला त्या ठोशाबद्दल विचारलं, तर हा हसत काय म्हणाला? "बिचारा चोरच तर्र होता हो! स्वतःच माझ्या हातावर येऊन पडला."

दुसऱ्या रविवारी गायकमंडळाचा प्रमुख अर्नेस्ट होल्रॉइड आमच्या दारात. टोपी हातात, नजर पायपुसण्यावर. "विल्फ, लोक बोलतायत. जरा थंड होईपर्यंत तू गायला येऊ नकोस."

"मी प्यायलो नव्हतो, अर्नेस्ट."

"मी कुठे म्हणतोय प्यायलास? लोक म्हणतायत."

विल्फनं शपथ घेतलेली, ती त्यांच्यासमोर. त्यांनी विश्वास ठेवला तो टीव्हीवर! विल्फ पुन्हा चॅपलची पायरी चढला नाही, आणि घरातही कधी गायला नाही. आमचं घर चॅपलला लागून. रविवारी तिकडे गाणं सुरू झालं की तो मागच्या अंगणात जाऊन कांद्याच्या वाफ्यातलं तण काढत बसायचा, तण नसलं तरी. मला विल्फच्या तोंडून गाणं परत हवं होतं, आणि पेव्हरिलचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

यंदा मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा आमच्या गावात भरला. जुन्या निळ्या-पांढऱ्या पोलीसगाड्या, सार्जंटच्या टोप्या घातलेले टकले, ठिकठिकाणचे लोक. पाहुणा कोण, तर पेव्हरिल. आणि संयोजकांनी विल्फला विचारलं, "तो ठोशाचा प्रसंग रंगमंचावर पुन्हा करून दाखवाल का? पडायला गादी ठेवू."

मला वाटलं, विल्फ दार लावून घेईल. तो म्हणाला, "करू की."

गावच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं. चहाची व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणून मीच पुढे होऊन सुचवलं, "चॅपलचा हॉल घ्या." चॅपलच्या आवारात दारूला बंदी आहे, आणि पेव्हरिलला दुपारभर कोरडं राहवत नाही, हे दोन्ही मला ठाऊक होतं; म्हणजे तो तिथे चोरून पिणार आणि सगळ्यांना कळणार. पुढचं मी ठरवलं होतं. उकळत्या चहाची मोठी किटली त्याच्या मांडीवर उपडी करायची आणि "अय्या, हात घसरला!" म्हणायचं.

तो आला. म्हातारा झालाय, काठी टेकतो, पण हसणं तेच माजोरडं. मला ओळखलंसुद्धा नाही. "बाई, चहा जरा कमीच ओता हं," म्हणाला, आणि मी वळल्यासारखं केल्यावर कोटातून चपटी बाटली काढून कप वरपर्यंत भरला. असे तीन कप झाले. चौथ्याला मी किटली उचलली, तर मागून विल्फ हळूच म्हणाला, "खाली ठेव ती, थेल्मा."

"का म्हणून? जाऊ देत की त्याच्या पायाची सालटी!"

"मग लोक त्यालाच बिचारा म्हणतील. ठेव खाली."

प्रसंग सुरू झाला. हॉल खच्चून भरलेला, पहिल्या रांगेत अर्नेस्ट होल्रॉइड. पेव्हरिलनं जुनी पिशवी काढली, नळी विल्फच्या तोंडापुढे धरली आणि डुलत डुलत म्हणाला, "फुंक, बाळा!" टाळ्यांचा कडकडाट. आता विल्फनं मान फिरवायची आणि ठोसा यायचा.

विल्फनं मान फिरवली नाही. त्यानं नळी तोंडात धरली आणि पिशवी टम्म फुगेपर्यंत फुंकला. मग ती रिकामी केली, नळी रुमालानं पुसली आणि पेव्हरिलच्या पुढे धरली.

"मी फुंकलो. आता तुम्ही, सार्जंट."

लोक हसले. पेव्हरिलही हसला. "अरे, हे लिहिलेलं नाहीये आपल्या प्रसंगात."

"नाक मोडायचंही लिहिलेलं नव्हतं," विल्फ म्हणाला. "फुंका."

पेव्हरिलनं मान फिरवली.

आणि काय सांगू तुम्हाला! ते सगळे टोपीवाले, त्याच्यावर जीव टाकणारे, ठरवून आल्यासारखे एका सुरात ओरडले, "फुंकायचं नाही? मग प्यायलायस! चल, बस गाडीत!" त्यांना वाटलं, गंमत चाललीय. पेव्हरिल नळीकडे बघेना, लोकांकडे बघेना. लोक पुन्हा ओरडले. तिसऱ्या वेळी आवाज जरा कमी आला, कारण त्याचा चेहरा आता सगळ्यांना दिसत होता. अर्नेस्ट होल्रॉइड उठला, रंगमंचाच्या कडेला ठेवलेला पेव्हरिलचा कप उचलला, हुंगला आणि खाली ठेवला.

विल्फ म्हणाला, "आजचं मरू दे. त्या दिवशी कोण प्यायलं होतं, तेवढं सांगा."

"मी," पेव्हरिल पुटपुटला.

"मोठ्यानं. मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

"मी प्यायलो होतो! हा नव्हता. मी नंतर खोटं बोललो."

 कुणी तरी त्याला खुर्ची दिली, एका बाईनं तर डोळे पुसले. मला दया आली का? मुळीच नाही. मी किटली घेऊन पुढे गेले, त्याच्या कपात निव्वळ चहा ओतला आणि तो शेवटच्या घोटापर्यंत पिईस्तोवर समोर उभी राहिले.

लोक पांगल्यावर होल्रॉइड आमच्याजवळ आला. टोपी हातात, नजर जमिनीवर. "विल्फ, तुझी जागा आहे तिथेच आहे. रविवारी ये. खर्जात कुणी नाही रे आमच्याकडे, फार उणं वाटतं."

"मला ठाऊक आहे," विल्फ म्हणाला. "दर रविवारी ऐकतोय मी. वाटू दे उणं."

रविवारी मी बटाटे सोलत होते. चॅपलमध्ये गाणं सुरू झालं. विल्फ अंगणात निघाला असेल म्हणून मी दाराकडे पाहिलं, तर तो स्वयंपाकघरातच उभा. त्यानं चॅपलच्या बाजूची खिडकी सताड उघडली, दोन्ही हात चौकटीवर ठेवले आणि गायला लागला. म्हातारा आवाज, नाकात अडकणारा, पण खर्ज तोच. कपाटातल्या बशा वाजायला लागल्या. तिकडचे एकेक करून गप्प झाले.

मी हातातला बटाटा तसाच धरून बसले. त्यानं सगळी कडवी म्हटली, आणि मग खिडकी लावून घेतली.