धोतराला धरलेली बोटं

मुलांनो, तुमच्या खोलीत मोठ्या आजोबांचा जो फोटो आहे तो मी तयार केला, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातून मी काय काढून टाकलं, ते मात्र मी सांगितलेलं नाही. परवा फोनवर धाकटी म्हणाली की शाळेत तिने तो फोटो दाखवला आणि सांगितलं, "माझ्या आजीने जुना फोटो नवा केला." मी "छान" म्हणाले आणि जेवण झालं का विचारलं. हीच गोष्ट तुम्ही आणखी चार जणांना सांगाल, म्हणून आता लिहिते आहे.

मूळ फोटो टाकव्याच्या घरातला. गावच्या जत्रेत आलेल्या फोटोग्राफरने अंगणात काढलेला. मोठे आजोबा, म्हणजे माझे थोरले दीर, धोतर-टोपीत ताठ उभे. शेजारी तुमची मोठी आजी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते, नऊवारीत. त्यांची मुलगी कॅमेऱ्याला घाबरून बापामागे लपली होती. तिचा चेहरा आला नाही. धोतर मुठीत धरलेली तिची बोटं तेवढी आली. त्याच वर्षी ती तापाने गेली. तिचा दुसरा फोटो नाही. लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा वहिनींनी पहिल्याच आठवड्यात मला भिंतीजवळ नेऊन ती बोटं दाखवली होती. त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दीर गेले आणि वर्षश्राद्धासाठी फोटो हवा झाला. आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. म्हणजे जोडीच्या फोटोतून वहिनींना काढायला हवं होतं. पुतण्या तो स्टुडिओत देणार होता. मी म्हटलं, मी शिकते आहे, मीच करीन.

वहिनी म्हणाल्या, "मला काढ. पोरीचा हात ऱ्हाऊ दे. तिला हार चालतो."

कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकवणाऱ्या, लोणावळ्यात स्टेशनजवळच्या क्लासमध्ये मी तेव्हा नुकतीच जायला लागले होते. शिकवणारा मुलगा तुमच्या बाबांपेक्षा लहान. तो आधी कॉम्प्युटर उघडू द्यायचा नाही. कागदावर पेन्सिलने आखायला लावायचा: उजेड कुठून येतो, काय राहणार, काय जाणार, नजर आधी कुठे पडली पाहिजे. समतोल, ठळकपणा, मोकळी जागा असे शब्द मी शाळेत शिकले होते, पण ते चित्राला लावून कधी पाहिले नव्हते. मला ते फार आवडलं. माझ्या कपाटात घड्याही एका मापाच्या असतात, तुम्ही हसता त्यावर. इथे तोच स्वभाव गुण ठरत होता. क्लासचं छोटं प्रदर्शन व्हायचं होतं आणि हा फोटो त्यात लावायचा असं मी मनात ठरवून टाकलं.

आखणी दाखवण्यासाठी मी भिंतीवरच्या फोटोचा काचेसकट मोबाइलवर फोटो काढला आणि क्लासच्या ग्रुपवर टाकला. काचेत ट्यूबलाइट चमकत होती. नीट स्कॅन हवं म्हणून फ्रेम उघडली. इतक्या पावसाळ्यांच्या ओलीने फोटो काचेला चिकटला होता. सुरीने सोडवताना खालचा कोपरा काचेवरच राहिला, नेमका बोटांचा. फोटोवर तिथे पांढरा कागद उघडा पडला. आणि मी काय केलं असेल? काच खरवडली, साबणाने धुतली आणि पुसून ठेवली. सवयीने.

तरीही बोटं राखता आली असती. मोबाइलच्या फोटोतला तो कोपरा घेऊन जोडायचा. मी जोडून पाहिला. ठिगळ दिसत होतं. त्यावर चमक होती, रंग वेगळा होता, आणि नजर सगळ्यात आधी तिथेच जात होती. क्लासमधला मुलगा म्हणाला, "आजी, तो डाग काढलात तर चित्र एकदम स्वच्छ होईल." तो डाग नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. तिथे धोतराच्या चुण्या पुढे ओढल्या, मागे भिंत भरली. फोटो खरोखर सुंदर झाला. प्रदर्शनात लोक त्यापुढे थांबले. तुम्हाला पाठवला तो हाच.

वर्षश्राद्धाला तो टाकव्यात लागला, हार घातला. वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मान वर करून विचारलं, "हात दिसतो का गं?"

"दिसतो, वहिनी."

त्यांनी शेजारणीला सांगितलं, "बापलेक दोघंबी हितंच हायती बघ." मी स्वयंपाकघरात गेले.

मग तळेगावला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यांना दिसायला लागणार, ही बातमी मला नको होती, हे लिहायला मला लाज वाटते. मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसले. धाकटे, मागच्या खेपेला तू माझा पदर धरून उभी होतीस, तो फोटो मी शोधला. उजेड डावीकडूनच होता. तुझी बोटं घेतली, लहान केली, काळी-पांढरी केली, जुन्या फोटोची रवाळ झाक दिली आणि धोतरावर बसवली. इतकं चोख काम मी आजवर केलं नव्हतं. नवी प्रत छापून पिशवीत घालून मी टाकव्याला जायला कान्हे स्टेशनवर उतरले. वहिनी शेतावर गेल्या की फ्रेममधली प्रत बदलायची, असा बेत होता.

वहिनी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. नुसत्या बोटांनी चाचपून, दाणे एकीकडे, सालं दुसरीकडे. मी समोर बसले आणि मला बेत जमला नाही.

"वहिनी, फोटोत हात नाही."

"कुटल्या?"

"भावजींच्या. तुम्ही राहू दे म्हणालात तरी मी काढला."

त्या सोलत राहिल्या. "मंग दिसतो म्हनलीस त्ये?"

"खोटं बोलले."

"मी रोज दिवा लावल्यावर त्या कोपऱ्याला हात लावती." मग पुढची शेंग उचलून, "तुला पयल्यापास्नं समदं नीट लागतं. नवी आलतीस तवा माझी मडकी उतरंडीनं लावलीस. मला लय दिस मीठ घावलं न्हाई."

मला हसू येणार होतं. त्या हसत नव्हत्या. मी पिशवीतली प्रत काढली आणि सांगितलं की नवीन बोटं बसवली आहेत, अगदी तशीच दिसतात.

"कुनाची?"

"धाकट्या नातीची."

त्यांचे हात थांबले. "जित्या पोरीची बोटं हाराखाली घालतीस?"

ज्या रीतीसाठी मी वहिनींना इतक्या काळजीने कापून वेगळं केलं, ती मी तुझ्या बाबतीत साफ विसरले होते. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी ती प्रत मी तिथेच फाडली आणि चुलीत घातली.

"आता रडू नगंस," वहिनी म्हणाल्या. "शेंगा सोल."

ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा त्यांनी हारातला फोटो बराच वेळ पाहिला. "ह्ये लय देखणं केलंस," म्हणाल्या, आणि ते कौतुक नव्हतं. मग मोबाइलवरचा पहिला फोटो मागितला, काचेतून काढलेला. तो जवळ धरला, लांब धरला.

"ह्यो उजेड कशाचा?"

"ट्यूबलाइटचा. काढता येईल."

"तू आता काय बी काढू नगंस. हाय तसा छापून आन. मी गेल्यावर ह्योच लावा. मंग कुनाला कापाया नगं."

तसाच छापून दिला. त्यात त्या स्वतः आहेत, म्हणून तो हाराखाली लावता येत नाही. त्यांनी तो लोखंडी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. त्यानंतर मी टाकव्याला दोनदा गेले. त्या बोलतात, चहा देतात, पण कपाट माझ्यासमोर उघडत नाहीत. तुमच्या खोलीतल्या फोटोचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला त्याबद्दल सांगायचा अधिकार राहिला आहे असं वाटत नाही.

मूळ फोटोचा तो कोपरा पांढरा आहे. मोबाइलवरच्या फोटोत तिची तीन बोटं दिसतात. चौथ्यावर ट्यूबलाइटचा उजेड आहे.