शेंगांचा काठ आणि पाच पेन ड्राईव्ह

अन्याय झाला तो माझ्या आत्तीवर. वडगावात, तिच्याच घरात, गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. अन्याय करणाऱ्याला मी एरवी आमच्या आंदोलनाच्या पत्रकाच्या दुसऱ्याच ओळीत ठळक टायपात उभा करतो. या वेळी हात जरा अडखळला, कारण तो मीच होतो.

आत्ती साड्यांचे काठ आखते. ज्या प्रोग्रॅमवर आखते तो इतका जुना, की आजच्या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. म्हणून चार वर्षांमागं मीच तिच्या कॉम्प्युटरच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं होतं. म्हणजे खिडकीत उघडणारा दुसरा, जुना कॉम्प्युटर. त्याची अख्खी हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एकच जाडजूड फाईल. त्या फाईलीत आत्तीचे तेवीस काठ होते. चोविसावा होता शेंगांचा. कंग्राळीच्या रानातल्या वाटाण्याच्या शेंगा, दाणे मोजून घ्यावेत अशा. आक्काच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, लग्नातल्या साडीसाठी तिनं तो चार महिने खपून आखला होता. लग्न मार्गशीर्षात. माग रिकामा ठेवला होता.

कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचे. आत्तीची याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. बस वेळेवर येत नाही, दाखला मराठीतून मिळत नाही, गटार तुंबलंय, असं दुसऱ्यांच्या वतीनं चिडायची मला सवयच लागली आहे.

"आत्ती, ह्याची सिस्टीम पुसून नवी घालतो."

"चालतंय की त्ये. आक्काचा काठ कार्डवाल्याकडं पुठ्ठे पाडायला जाऊ दे, मग घाल."

"अगं, बॅकअप घेतो की. सगळ्याची प्रत काढून ठेवायची. काय जात न्हाय."

"बघ रं बाबा. तुमच्या मोर्चासारकं अर्ध्यात चहा प्यायला जाऊ नको."

मी व्हर्च्युअल मशीन बंद केलं, अगदी शिस्तीत. मग त्याचं सगळं फोल्डर पेन ड्राईव्हवर टाकायला घेतलं. मोठी फाईल अठरा जीबीची, पेन ड्राईव्ह बत्तीस जीबीचा आणि कोरा. तरी पडद्यावर आलं, फाईल फार मोठी आहे. अख्खा पेन ड्राईव्ह रिकामा आणि म्हणे मोठी! बाकं मोकळी असताना दारात हात आडवा धरणारा कंडक्टर आठवला. त्या पेन ड्राईव्हची मांडणी जुन्या पद्धतीची होती, चार जीबीच्या वरची एक फाईल तो घेतच नाही, हे मला नंतर कळलं. त्या घडीला मी फक्त भडकलो. खाली 'वगळा' असं बटण होतं. तावातावानं तेच दाबलं. उरलेल्या फायली पटापट गेल्या. फोल्डरचं नाव तेच, आत व्हर्च्युअल मशीनचं नेहमीचं चित्रही होतं. माझं समाधान झालं.

आणि इथं माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. एका प्रतीवर आमचं कधी भागलंय? त्या प्रतीवरूनच आणखी चार, असे मी पाच पेन ड्राईव्ह भरले. एक देव्हाऱ्यात, एक आक्काच्या पर्समध्ये, एक तांदळाच्या डब्यात, एक शेजारच्या बाईंकडं, एक माझ्या झोळीत. कुठंही आग लागली तरी एक वाचणारच. पण पाचांतला एकही मी उघडून पाहिला नाही. पत्रकाचं प्रूफसुद्धा मी असंच न बघता सोडतो. आंदोलनातली मंडळी त्यावरून मला रोज शिव्या घालतात.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डिस्क पुसायचं बटण दाबलं. दीड वाजता नवी सिस्टीम झकास चालू झाली. देव्हाऱ्यातला पेन ड्राईव्ह लावला. व्हर्च्युअल मशीन म्हणालं, डिस्कची फाईल सापडत नाही. तांदळातला लावला. सापडत नाही. पर्समधला लावला, मग शेजारच्या बाईंकडचा. शेवटी झोळीतला लावताना मी देवाचं नाव घेतलं, आणि आमच्या मंडळींत ते कमीपणाचं मानतात.

कॉम्प्युटर घेऊन खासबागेतल्या दुरुस्तीवाल्याकडं पळालो. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवली. "जुन्यावर नवं लिवलंय रं. भिंतीवरच्या पोस्टरवर दुसरं चिकटवल्यावानी. खालचं काढू म्हटलं तर चिंध्याच निघत्यात."

मी आत्तीला सांगितलं. उत्तर आक्कानं दिलं.

"मग लग्नात मी काय नेसू? तुझं पत्रक?"

"आक्का, चूक झाली."

"पाच-पाच डाव झाली की रं! येकदा करून थांबायचं न्हाईस व्हय?"

तेवीस काठ वाचवले ते मागावरच्या पुठ्ठ्यांनी. नक्षीप्रमाणे भोकं पाडलेल्या, दोरीत ओवलेल्या त्या जाड पुठ्ठ्यांतला एकही आत्तीनं टाकला नव्हता, माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवले होते. मी टीका करायचो, घरात पसारा नुसता. प्रोग्रॅमची सीडी कपाटात निघाली, मी व्हर्च्युअल मशीन पुन्हा बसवलं. मग रोज दुपारी मी पुठ्ठा उजेडात धरून ओरडायचो, "भोक, भोक, कोरं, भोक," आणि आक्का ते पडद्यावरच्या चौकोनांत भरायची. एवढ्या घोषणा मी कुठल्या आंदोलनातही दिल्या नाहीत. घसा बसला, तेव्हा आत्तीनं सुंठीचा काढा दिला आणि म्हणाली, "आता जरा सावकाश. आन् बघून वाच."

शेंगांच्या काठाचे पुठ्ठे मात्र पाडलेच नव्हते. तो फक्त त्या फाईलीत होता. आत्तीनं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं तो पुन्हा काढायला घेतला. डोळे मिटून दाणे आठवायची, चार चौकोन भरायची, खोडायची. सहा आठवडे लागले. साडी लग्नाच्या चार दिवस आधी मागावरून उतरली. मांडवात बायका काठाला हात लावून बघत होत्या. मी आत्तीजवळ जाऊन म्हटलं, "लई भारी झालाय."

"झालाय," ती म्हणाली. "पयला ह्येच्यापरास बरा हुता."

तो पहिला तिच्याशिवाय कुणीच नीट बघितला नव्हता. आता बघायची सोयही नाही.

म्हणून वाचक हो, तुमच्याकडं मागणी आहे आणि ती आजची आहे. सिस्टीम पुसायच्या आधी व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करा. त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. सगळ्यात मोठी फाईल तिथं गेली का, तिचा आकार मूळ फाईलीएवढाच आहे का, ते बघा. मग ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, चालवा, आत जाऊन तुमचं काम डोळ्यांनी पाहा. तोवर त्या बटणाला हात लावू नका. उठा, आत्ता करा.