कॉलिनची मतं आणि आमचं दार

आमचा शेजारी कॉलिन मूळचा ऑस्ट्रेलियाचा आहे, आणि त्याला मतं आहेत. अमेरिकेतल्या या शॉमबर्गमध्ये आम्हा बाकीच्यांना घरं आहेत, गाड्या आहेत, व्हिसाच्या काळज्या आहेत. मतं फक्त कॉलिनला.

कुंपणापाशी उभा राहून तो ती फुकट वाटायचा. “तुमच्या अमेरिकेत,” तो म्हणायचा (मी सांगलीचा, पण त्याच्या लेखी अमेरिका माझी!), “माणूस हेल्मेटशिवाय मोटरसायकल चालवू शकतो, पण अंगणातलं गवत वीतभर वाढलं की नोटीस! आमच्याकडे मत दिलं नाही तर दंड होतो, मेट. गवताच्या मागे कोणी लागत नाही.” (‘मेट’ म्हणजे मित्रा. तो सगळ्यांनाच तसं म्हणतो.)

मी दाराला फोनवरून उघडणारं कुलूप आणि कॅमेऱ्याची बेल बसवत होतो, तेव्हाही तो हातात चहाचा मग घेऊन हजर. “ज्या दाराला बॅटरी लागते ते दार नव्हे, खेळणं आहे,” असं त्याने जाहीर केलं. मी हसलो. पंधरा वर्षं आयटीत असलेला माणूस निवृत्त ट्रक मेकॅनिककडे बघून हसतो, तसा.

पुढे वसाहतीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी या नात्याने मी त्याला नोटीस पाठवली : मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालणं नियमात बसत नाही. त्याने दोरी काढली. कुंपणापाशी येणंही बंद केलं.

दिवाळीनंतर आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. जानेवारीतल्या एका दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, बायको कामासाठी डॅलसला होती, आणि आई साडीवर माझा जुना स्वेटर घालून, पायात चपला अडकवून, रस्त्याकडेच्या पेटीतून टपाल आणायला गेली. मागे दार आपोआप बंद झालं. बॅटरी संपत आल्याचा मेसेज मी तीन वेळा बाजूला सारला होता. कुलपाने शेवटचा श्वास घेतला तो दार लावूनच!

बेलला मात्र घरातली वीज होती. ती ठणठणीत. माझ्या फोनवर आईचा चेहरा आला.

“आई! बाहेर काय करतेस?”

“अरे, तू आत आहेस होय? मग उघड की दार!”

“मी ऑफिसात आहे.”

“मग आवाज दारातून कसा येतोय? थट्टा पुरे. हात गारठलेत माझे.”

मी फोनवरून दार उघडायचा प्रयत्न केला. कुलूप मेलेलं. आईला कोड सांगितला. तिने बटणं दाबली. मेलेलीच. गॅरेजचा रिमोट माझ्या गाडीत, आणि गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये. मी जिन्यावरून धावत सुटलो.

“आई, शेजारी जा. कॉलिनकडे.”

“ज्याला तू कपडे वाळत घालू दिले नाहीस, त्याच्याकडे? कुठल्या तोंडाने जाऊ?”

(हे तिला मीच सांगितलं होतं. मोठ्या अभिमानाने!)

गाडी बर्फावरून मुंगीच्या पावलाने निघाली. “चालत राहा, हात चोळ, बोलत राहा,” मी सांगत होतो. आपण दाराशी बोलतोय म्हणून आधी ती लाजत होती. मग म्हणाली, “तुझे बाबा गेले तेव्हाही तू असाच यंत्रातून बोलत होतास. मुलगा आलाय असं वाटायचं, आणि बघावं तर समोर कोणी नाही.”

बाबांना अग्नी दिला तो मी याच फोनवर पाहिला होता. करोनामुळे विमानं बंद होती, हे खरं. पण त्या दुपारी ते कारण माझ्या तोंडातून निघेना.

तेवढ्यात पडद्यावर दुसरा चेहरा आला. लालबुंद, कानटोपी घातलेला.

“मेट, तुझी आई बाहेर उभी आहे.”

“मला दिसतंय, कॉलिन!”

“दिसतंय ना? म्हणजे यंत्र उत्तम चाललंय,” तो म्हणाला, आणि अंगातलं जाकीट आईच्या खांद्यावर टाकून तिला हाताला धरून घेऊन गेला. पडद्यावर नुसतं दार राहिलं.

मी पोचलो तेव्हा आई त्याच्या सोफ्यावर, ब्लँकेटमध्ये, कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. ओठांवर रंग परतला होता. “ह्याला दुधाचा चहा कळतो रे!” ती म्हणाली. मी खाली बसून तिचे पाय हातात घेतले. अजून गारच होते.

“कॉलिन, त्या नोटिशीबद्दल…” मी सुरुवात केली.

“सही छान आहे तुझी,” तो म्हणाला, आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

घरी येताना मी आईची माफी मागितली. “माफी कसली?” ती म्हणाली. “आल्यापासून आज पहिल्यांदा तू माझ्याशी इतका वेळ बोललास. नाही तर ‘जेवलीस का’ आणि ‘औषध घेतलंस का’, एवढंच.”

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि आईशेजारी येऊन बसलो. मनात पक्कं केलं होतं : आज बोलायचं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी खाकरलो. “जेवलीस का?” विचारलं.

“आत्ता सकाळचे नऊ वाजलेत.”

“औषध?”

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेने म्हणाली, “बाळा, तू ऑफिसला जा. तिथून तुला चांगलं बोलता येतं.”