मावशींचा हुंकार

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, तरी मनाची खात्री होत नाही. तुम्ही शांती नगरमधल्या कुणाच्या ओळखीचे तर नाही ना? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे राहिलेलं कुणी? असाल तर असा. आता तोंड उघडलंच आहे.

आम्ही दादरची खोली सोडून मीरा रोडला, शांती नगरात आलो होतो. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे संपूर्ण कादंबरी मागितली आणि गणपती बसायच्या आत हातात हवी म्हणून बजावलं. माझी पहिलीच कादंबरी. होकार देताना छाती फुगली, कागद पुढे घेतल्यावर सगळी हवा गेली. काय काय केलं मी! पहाटे उठून बसले — टेबलावर डोकं ठेवून झोपले. पान झाल्याशिवाय चहा नाही असं ठरवलं — आणि चहा पिऊनच बसायला लागले. मुदत जवळ येत होती आणि माझी नायिका, सुमन, दुसऱ्याच प्रकरणात अडकून पडली होती.

समोरच्या दारात सावंतमावशी राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, नवरा गेलेला, मुलगा-सून दिवसभर कामावर. एकदा दुपारी विरजण मागायला आल्या तेव्हा मी वैतागून म्हटलं, बसा, जरा ऐका. त्या गवार मोडत बसल्या आणि मी वाचत गेले. मध्येच त्या म्हणाल्या, "हं."

घरात गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो ना, तसा. सांगणाऱ्याला तो लागतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. लिहिणाऱ्यालाही लागतो, हे त्या दुपारी कळलं. मग मी सकाळी लिहायची ती दुपारच्या त्या 'हं'साठीच. तुटक आला की पान पुन्हा लिहायचं. लांबलचक आला की जमलं. सुचत नाही म्हटलं तर मावशी रागवायच्या, "अगो, त्या पोरीला तशीच उभी करून ठेवलीस काय?" त्यांच्या धाकाने कादंबरी पुढे सरकली. खोटं कशाला बोलू — त्या दुपारी मला फार आवडायच्या. त्यांनाही आवडत असाव्यात. त्यांच्याकडे दिवसभर दुसरं होतं कोण?

आणि शेवटाला येऊन मी अडले. सुमनचा न सांगता निघून गेलेला नवरा इतक्या वर्षांनी दारात उभा आहे — आता तिने काय करायचं? घरात घेतलं तर गुळमट होतं, हाकललं तर नाटकी. मी दोन्ही वाचून दाखवलं, दोन्हींना तुटक 'हं'. मग मावशी गवारीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "दार उघडील ती. पाणी देईल. पण बस म्हणायची नाही."

तोच शेवट मी लिहिला. कादंबरी वेळेत गेली. संपादकांचा फोन आला — शेवटाने मारलंत बाई! मी म्हणाले, आपोआप सुचलं. आपोआप!

तिथपासून मला मावशींचा संशय येऊ लागला. त्या जिन्यात कुणाशी बोलताना दिसल्या की मी दाराआड थांबायची. एकदा पाण्याच्या टँकरच्या रांगेत खालच्या मजल्यावरच्या ज्योतिबेन मला हसून म्हणाल्या, "भाभी, एंडिंग मस्त है. पानी दिया, पर बैठने को नहीं बोला!" अंक अजून बाहेर आलेला नव्हता. म्हणजे मावशी सांगत होत्या. मग शेवट कुणाचा, हेही सांगितलं असेल? आज नाही तर उद्या सांगतील? हंडा भरेपर्यंत माझं ठरलं होतं. त्यांनी काही बोलायच्या आत त्यांच्या शब्दाची किंमत घालवायची.

मी ज्योतिबेनना बाजूला घेतलं. म्हटलं, "मावशी को घर में लेते हो तो ज़रा ध्यान रखो. मेरे कागज़ गायब होते हैं." एक पान खरंच हरवलं होतं. दुसऱ्या दिवशी गादीखाली सापडलंही होतं. ते मी नाही सांगितलं.

एवढं पुरलं. मावशी आल्या की बायका ओट्यावरच्या वस्तू उचलून ठेवू लागल्या. मग कुणाकुणाची दारं दुपारी बंदच राहू लागली. मावशींना कारण कधी कळलं की नाही, देव जाणे.

थांबा. मघाशी मी एक वाक्य गाळलं. मुद्दाम गाळलं, म्हणून तर म्हणते, माझ्या सांगण्यावर फार विसंबू नका. रांगेत ज्योतिबेन आणखी एक बोलल्या होत्या — "मावशी बोलती थी, क्या दिमाग है हमारी ताई का." मी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. त्यानंतर मी त्यांना बाजूला घेतलं.

दिवाळीत अंक आला. दुपारी मावशींनी कडी वाजवली. छापलेलं वाचून दाखव म्हणायला आल्या असणार, बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही. हातात निवडायची मेथीची जुडी होती. मी दार उघडलं. आत गेले, तांब्यातून पेला भरून आणला, त्यांच्या हातात दिला. आणि उंबऱ्यातच उभी राहिले.

खरंच सांगते, तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांच्या आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सावकाश सगळं पाणी प्यायलं, पेला परत दिला. आणि हुंकार दिला — लांबलचक, पान जमल्यावर द्यायच्या तसा.