रेलिक्ट

इंग्रजी शब्द अडला की अक्का खडू खाली ठेवत. "थांबा पोरींनो, याचं गोत्र बघू." मग सगळा वर्ग थांबे आणि त्या जाडजूड शब्दकोशात डोकं घालत. आपला एखादा नातलग हरवला असावा, असा चेहरा करून शोधत.

मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा अक्का तिथे आठ वर्षं शिकवत होत्या. मूळच्या शिरपूरच्या. पंधराव्या वर्षी विधवा झाल्या, आणि भावाच्या पुस्तकांवरून इंग्रजी शिकल्या. मला शिकवायचं कसं, तेही त्यांनीच शिकवलं. "अगं, ओरडू नकोस. पोरी बहिऱ्या नाहीत, भ्यालेल्या आहेत."

चार वर्षांनी मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली. आम्ही अक्कांना अर्ज करायला लावलं. शाळेच्या कमिटीच्या हेडक्लार्कने तो इंग्रजीत लिहून सहीला पाठवला. अक्कांच्या नावापुढे त्याने लिहिलं होतं, 'अमक्याची रेलिक्ट'.

अक्कांनी कोश उघडला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"काय अर्थ, अक्का?"

"मागे उरलेलं. लॅटिन आहे. त्यावरून विधवा." मग बोट खालच्या ओळीवर सरकलं. "रेलिक याच घरातला. ख्रिस्ती साधू मेला की त्याचं हाड उरतं, ते. ते चांदीच्या डबीत ठेवून पुजतात." आणि एकदम घरच्या अहिराणीत म्हणाल्या, "अन् मी? मी काय उरेल शे?"

त्यांनी शब्द खोडला. वर लिहिलं, 'शिक्षिका'.

हेडक्लार्क चिडला. "बाई, कायद्याची भाषा आहे ती. शिवी नाही."

"तुमचीही पत्नी वारली ना, भाऊ? तुम्ही तिचे उरलेले, असं लिहिता का कुठे?"

कमिटीने खाडाखोडीचं कारण देऊन अर्ज बाजूला ठेवला. खरं कारण एका सभासदाने हळूच सांगितलं. समारंभात पाहुण्यांना ओवाळायला पुढे कोण होणार?

जागा मला मिळाली. मी सवाष्ण होते. मला नाही म्हणता आलं असतं, पण मी घरी पेढे नेले.

तुमच्यापैकी कोणी अशा खुर्चीत बसलं असेल, तर त्याला पुढचं सांगायला नको. पहिल्याच दिवशी अक्का दाराशी आल्या.

"आत येऊ का, बाई?"

मी चटकन उठले. "अक्का, असं काय बोलता?"

"बसा तुम्ही." त्यांनी राजीनामा पुढे ठेवला. "सही करा. आणि पाचवीवर कोणाला तरी पाठवा. पोरी खोळंबल्यात."

मी सही केली.

शिरपूरला जाणाऱ्या मोटारीपर्यंत त्यांना पोहोचवायला सगळा पाचवीचा वर्ग गेला, माझी परवानगी न घेता. मी खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही.