चौथ्या खांबाच्या वर

जमिनीखालून जाताना डोक्यावर काय आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आमचे सायकलवाले काका. कसब्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी जन्मभर पंक्चरं काढली. नमस्कार वगैरे भानगड नाही. समोरच्याचं चाक अंगठ्याने दाबून "पुढच्यात हवा कमी आहे" म्हणायचं, की झाली विचारपूस. माझ्या लग्नात आहेर देतानाही त्यांनी मला हेच सांगितलं! पुढे भुयारी मेट्रोच्या कामात दुकानाची जागा गेली आणि काका कात्रजला मुलाकडे राहायला गेले. पण करमेल तर शपथ. रोज बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने कसबा. गाडीत बोट वर करून मोठ्याने सांगायचे, "आता वर मंडई. आता तांबट आळी." एकदा शेजारच्या तरुणाने कानातला इअरफोन काढून विचारलं, "अंकल, ॲप कुठलं?" काका म्हणाले, "पाय."

मग एका चित्रकार मुलीने स्टेशनात प्रोजेक्टर लावले. वरच्या रस्त्याचं चित्रीकरण खाली भिंतीवर, जिथल्या तिथे. प्रवाशांना वरचं शहर दिसावं म्हणून. लोक खूश. काका सोडून. "चित्रात फुलवाली सात पावलं पूर्वेला सरकली आहे." मुलगी वैतागून वर गेली, पावलं मोजली, तर सातच भरली! तेव्हापासून काका तिचा नकाशा झाले. एरवी हुकूम सोडणारे काका एक दिवस चाचरत म्हणाले, "चौथ्या खांबाच्या बरोबर वर माझं दुकान होतं. तेवढं दाखवता आलं तर..."

"काका, हे आजचं शहर आहे हो. आणि जुना फोटो तरी आहे का?"

"नाही. बरोबर आहे तुमचं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचेच बंद झाले. मला फार वाईट वाटलं. तिलाही चैन पडेना.

शेवटी मी सायकल दामटत कात्रज गाठलं. मागोमाग ती, स्कूटरवर कॅमेरा घेऊन. चढावर मागचं चाक पंक्चर झालं, देवच पावला. काका बोलेनात. पण समोर सायकल असताना ते किती वेळ हात बांधून बसणार? अंगठा गेलाच. दहा मिनिटांत सायकल उलटी आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात. तिचा कॅमेरा चालूच.

आठवड्याने त्यांना काही न सांगता स्टेशनात नेलं. चौथ्या खांबाच्या वर, भिंतीवरच्या चित्रात, काका चाकावर वाकून बसलेले. एक बाई पिशवी सावरत थांबल्या. "अय्या, हे सायकलवाले इथेच असायचे ना!" शेजारी उभे असलेले काका काही त्यांनी ओळखले नाहीत.

काका कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्यात हवा कमीच आहे," आणि खिशात रुमाल चाचपू लागले. मी माझा दिला.